तोंडी सगळं येतं, वहीत काहीच नाही. मग हुशार म्हणायचं की नाही?

शिसपेन्सिल

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझा मुलगा चौथीत आहे, मराठी माध्यमात. (माध्यमावरून भांडायचं असेल तर त्यासाठी आधीचे सतरा धागे आहेत, इथे नको.) घरात त्याच्या तोंडाला कुलूप नसतं. पानिपतावर कोण कुठे उभं होतं हे तो भाताची मूद, वरणाची वाटी आणि लोणच्याच्या फोडी मांडून दाखवतो, आणि जेवण गार होतं. परवा परिसर अभ्यासाचा पेपर घरी आला, ४० पैकी ११. 'पाणी शुद्ध करण्याच्या पद्धती लिहा' या प्रश्नाखाली त्याने लिहिलंय : 'तूरती फिरवने'. संपलं उत्तर. तोंडी विचारलं तर तुरटीने गाळ खाली कसा बसतो, आजीच्या गावाला विहिरीत काय टाकतात, उकळलेलं पाणी बेचव का लागतं, असं दहा मिनिटं बोलला.

नवरा म्हणतो आळशी आहे. सासूबाई म्हणतात, 'आमच्याकडे असं कुणी नव्हतं' (म्हणजे कुणाकडे होतं ते कळलं मला). बाईंनी पालकसभेनंतर बाजूला घेऊन सांगितलं, 'एकदा आयक्यू करून घ्या.' केला. भाषिक १२१, कृती १०३, एकूण ११२. शेरा : सरासरीपेक्षा वर.

आता घरात नवीनच सूर लागलाय. 'बघ, बुद्धी आहे, म्हणजे मुद्दामच करत नाही.' आधी निदान कीव तरी करत होते. ११२ वाल्याला ११ कसे पडतात, एवढंच विचारायचंय.

चहाबाज

११२ हा पोलीस-अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर आहे ताई. हलके घ्या. पण तो पानिपतचा वरणभात वाचून मी पोराचा पंखा झालोय.

अर्धविराम

मी याच क्षेत्रात काम करते, शाळेतल्या मुलांच्या चाचण्या घेते. इथे बसून निदान करणार नाही, करूही नये. पण अहवाल कसा वाचायचा ते सांगते, कारण पालकांच्या हातात आकडा दिला जातो आणि बाकीची पानं कुणी समजावून सांगत नाही.

भाषिक आणि कृती असे दोन भाग आहेत म्हणजे बहुतेक मॅलिनची चाचणी असणार. डॉ. आर्थर मॅलिन यांनी नागपुरात बसून अमेरिकेतली वेक्सलर चाचणी भारतीय मुलांसाठी बेतली, १९६९ सालची गोष्ट. त्यात 'एकूण' म्हणजे दोन आकड्यांची सरासरी असते. १२१ आणि १०३ मिळून ११२. एका हाताला चटका बसतोय, दुसरा बर्फात आहे, आणि आपण म्हणतो सरासरी तापमान छान आहे. हा ११२ विसरा. दोन भागांत १८ गुणांचा फरक पडलाय, तो बघा.

आता अहवालाचं दुसरं पान काढा. तिथे पोटचाचण्यांची नावं असतील : सामान्य ज्ञान, आकलन, शब्दसंग्रह, अंकस्मरण, ठोकळ्यांची रचना, चिन्हलेखन वगैरे. प्रत्येकापुढचा आकडा इथे टाकता का? आणि दोन साधे प्रश्न. डोळे तपासलेत का? कान? हसू नका. चाचणीपर्यंत पोचलेल्या मुलाला नुसता चष्मा लागत होता, असं मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिलंय.

तळ्यातमळ्यात

मुळात आयक्यू ही चीजच रद्दी आहे. १९६९ चे निकष लावून २०१५ च्या पुढे जन्मलेली पोरं मोजायची? जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलंय की पिढीगणिक लोकांचे गुण वाढत जातात, म्हणून जुन्या पट्टीवर आजची मुलं उगाच उंच दिसतात. म्हणजे तुमचा ११२ कदाचित ११२ नाहीच.

आणि या पट्टीचा जन्म बघा. १९०४ मध्ये फ्रान्स सरकारने आल्फ्रेड बिने यांना एका समितीवर घेतलं. शाळा सक्तीची झाली होती, वर्गात सगळ्या प्रकारची मुलं आली होती, कुणाला जास्तीची मदत लागेल ते ओळखायचं होतं. १९०५ मध्ये बिने आणि सिमाँ यांनी ३० कामांची यादी केली. पहिलं काम काय, तर पेटलेल्या काडीकडे मूल नजर फिरवून बघतं का. एवढा साधा उद्देश. बिने स्वतः ओरडून सांगत होते की बुद्धी ही न बदलणारी वस्तू नाही, तसं मानणं हा क्रूर निराशावाद आहे. ते १९११ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायची टूम काढली आणि १९१६ मध्ये अमेरिकेत टर्मन यांनी ती घराघरांत पोचवली. मदत शोधायला निघालेली यादी माणसाच्या कपाळावरचा शिक्का झाली.

अर्धविराम

@तळ्यातमळ्यात, इतिहास बरोबर, 'रद्दी' चुकीचं. जुन्या निकषांचा मुद्दाही मान्य, म्हणूनच एकूण आकडा विसरा म्हटलं. पण एकाच मुलाच्या पोटचाचण्या एकमेकींशी ताडून बघितल्या तर पट्टी जुनी असूनही बरंच कळतं. बिने यांचंच काम आहे ते, फक्त लोक शेवटच्या ओळीवर थांबतात.

आणि आपल्याकडे ही गोष्ट कालपरवाची नाही. बिनेच्या चाचणीची मुंबई-कर्नाटक आवृत्ती व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी केली. 'बिने-कामत' आजही कपाटात असते आमच्या.

मोरपीस

मराठी माणसाला 'बुद्धिमत्ता' हा शब्द मुळात स्कॉलरशिपच्या पेपरामुळे माहीत आहे. मध्यंतरी, २०१६-१७ पासून काही वर्षं, ती पाचवी आणि आठवीला होती. (आमच्या वेळी चौथी आणि सातवी.) पेपर दुसरा : तृतीय भाषा ५० गुण, बुद्धिमत्ता चाचणी १०० गुण. गटात न बसणारे पद ओळखा, आरशातली प्रतिमा, सांकेतिक भाषा, रांगेत डावीकडून सातवा आणि उजवीकडून नववा तर एकूण मुले किती.

मी जिल्ह्याच्या यादीत आले होते. शाळेत सत्कार, पेढे, 'जात्याच हुशार' असं भाषणात. खरं सांगू का? आमच्या गुरुजींनी डिसेंबरपासून रोज सकाळी सात वाजता जादा तास घेतले. रांगेचा प्रश्न दिसला की बेरीज करायची, एक वजा करायचा, विचार करायचाच नाही, हे घोटून घेतलं होतं. जी मुलं सातला येऊ शकत नव्हती, म्हणजे ज्यांना घरचं दूध घालायला जावं लागायचं, ती 'जात्याच' हुशार नव्हती.

मोजणाऱ्यांचंही हसू येतं. टर्मन यांनी १९२० च्या दशकात दीड हजाराच्या आसपास तल्लख मुलं निवडून आयुष्यभर त्यांचा माग ठेवला. चाळणीत जी गळली त्यांत विल्यम शॉकली आणि लुई अल्वारेझ ही दोन पोरं होती. दोघांनाही पुढे भौतिकीचं नोबेल मिळालं. निवडलेल्यांपैकी एकालाही नाही.

चहाबाज

मोरपीस ताई, १५ येतं ना ते उत्तर? ७ + ९ – १. बघा, मलाही जात्याच येतंय.

नवा_सदस्य_४४१

आपल्या मुलाची जन्मजात बुद्धिमत्ता बोटांच्या ठशांवरून जाणून घ्या!! डावा मेंदू की उजवा मेंदू? कोणते करिअर? फक्त एकदाच करावी लागणारी चाचणी, आयुष्यभराचा अहवाल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

अर्धविराम

संपादक मंडळ, वरची जाहिरात काढा. नाहीतर राहू दे, खाली माझा प्रतिसाद असू दे. बोटांचे ठसे आईच्या पोटातच पक्के होतात, आणि त्यावरून मुलाची बुद्धी किंवा करिअर सांगता येतं याला काहीही शास्त्रीय आधार नाही. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही हे स्पष्ट सांगितलंय. तरी शाळांच्या हॉलमध्ये याची शिबिरं लागतात आणि पालक हजारो रुपये मोजतात.

कोयरी

ठसे वगैरे मी पण मानत नाही. पण प्रत्येक मुलाची शिकण्याची शैली असते ना? आमच्या शाळेने प्रश्नावली भरून घेतली, माझी मुलगी 'दृश्य' निघाली. शिसपेन्सिल, तुमचा मुलगा 'श्राव्य' असेल. त्याला सगळं ऐकूनच शिकवा. आणि मानसशास्त्रज्ञ गार्डनर यांच्या आठ प्रकारच्या बुद्धिमत्ता आहेतच की.

अर्धविराम

कोयरी, दोन वेगळ्या गोष्टींची मिसळ झालीय. गार्डनर यांनी १९८३ मध्ये सात बुद्धिमत्ता मांडल्या, निसर्गविषयक आठवी नंतर आली. शिक्षकांना ती मांडणी आवडते, संशोधकांत तिच्यावर पुष्कळ टीका आहे, कारण या 'स्वतंत्र' बुद्धिमत्ता मोजायला गेलं की एकमेकींत गुंतलेल्या निघतात. पण 'दृश्य-श्राव्य' मुलं असं गार्डनर म्हणाले नव्हते. शिकण्याच्या शैलींशी माझी गल्लत करू नका, असं त्यांनीच नंतर लिहिलं.

आणि शैलीनुसार शिकवल्याने मूल जास्त शिकतं का? २००८ मध्ये अमेरिकेतल्या चार मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध संशोधन चाळून बघितलं. तसं म्हणावं इतका पुरावा त्यांना सापडला नाही. मुलांना आवडीनिवडी असतात, हे खरं. पण सह्याद्रीचे घाट 'श्राव्य' मुलालाही नकाशावरच दाखवावे लागतात आणि यमन 'दृश्य' मुलीलाही ऐकवावाच लागतो. कसं शिकवायचं ते बहुतेक वेळा विषय ठरवतो.

माझी खरी भीती वेगळी आहे. 'तो श्राव्य आहे' म्हणून वाचायचं सोडून दिलं, तर ज्या गोष्टीत तो अडतोय तिचाच सराव बंद होईल.

खडूफळा

नमस्कार. मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. ३४ वर्षं नोकरी, त्यातली १९ द्विशिक्षकी शाळेत, चार वर्ग दोन खोल्या.

कांद्याच्या पट्ट्यातलं गाव होतं. तिसरीत एक पोरगा, हातच्याची बेरीज काही केल्या जमेना. फळ्यावर ४७ अधिक ३८ मांडलं की ७१५ लिहायचा. सात आणि आठ पंधरा, चार आणि तीन सात, दोन्ही खाली उतरवून मोकळा. मी वैतागून त्याला 'ढ' म्हटलेलं आहे, लपवत नाही. (अवांतर : ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत 'ढ' चं वळण फारसं बदललेलं नाही, म्हणून न सुधारणाऱ्याला ढ म्हणतात, असं आम्हाला डी.एड.ला एका सरांनी सांगितलं होतं. खरं-खोटं माहीत नाही, पण पोराला म्हणायला फार सोपं अक्षर आहे.)

एका शनिवारी त्याच्या वडिलांबरोबर तो मार्केटात दिसला. कांद्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, हातात. बापाला वाचता येत नव्हतं. पोराने एकेक आकडा बघून, इतके क्विंटल, हा भाव, त्यातून हमाली, तोलाई वजा, हातात एवढे यायला पाहिजेत, असं तोंडी सांगितलं आणि व्यापाऱ्याच्या माणसाची वीस रुपयांची चूक काढली. मी तिथेच उभा. ४७ अधिक ३८ विचारलं. म्हणाला, 'पंच्याऐंशी. का वो गुरुजी?'

पुढे एका प्रशिक्षणात कळलं की ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात असाच अभ्यास झाला होता, १९८५ साली छापलाय. रस्त्यावर नारळ विकणारी वगैरे मुलं. विक्री करताना हिशेब ९८ टक्के बरोबर, तीच आकडेमोड कागदावर दिली तर ३७ टक्के. अलीकडे, २०२५ मध्ये, कोलकाता-दिल्लीच्या बाजारातल्या मुलांवरही तसंच काम प्रसिद्ध झालं, आणि त्यात उलटही दिसलं : शाळेत गणित येणारी मुलं बाजारातल्या हिशेबात अडखळली. म्हणजे ढ कोण, ते कुठे उभं करून विचारता यावर आहे.

शिसपेन्सिल ताई, 'फिरवने' मधला न मी चूक धरणार नाही. पुष्कळ घरांत ण बोललाच जात नाही. आपण बोलतो तसं लिहिलं तर तो कानाचा दोष नव्हे. 'तूरती' मधला त मात्र बघण्यासारखा आहे.

अजून एक. जन्म कोणत्या महिन्यातला? पहिलीला ३१ डिसेंबरला सहा पूर्ण लागतात. म्हणजे जानेवारीतलं पोर आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरातलं पोर एकाच बाकावर. सहा वर्षांच्या जिवाला अकरा महिने म्हणजे आयुष्याचा जवळजवळ सहावा हिस्सा. बारकी पोरं मागे पडतात आणि आपण शेरा मारून मोकळे होतो.

शिसपेन्सिल

गुरुजी, नोव्हेंबर!! कुणीच कधी विचारलं नव्हतं.

अर्धविराम, डोळे झाले, कान राहिलेत, घेते वेळ. दुसरं पान शोधलं. ठोकळ्यांची रचना १२९, शब्दसंग्रह १३०. अंकस्मरण ९२. चिन्हलेखन ७८. हे ७८ बघून पोटात गोळा आला.

अजून एक गंमत. काल आकडे सांगून लिहून घेतले. त्रेसष्ट म्हटलं, ३६ लिहिलं. एकोणपन्नासला ५९. सत्तावीसला ७२, मग खोडून २७.

अर्धविराम

आता चित्र जरा दिसतंय. ऐकून समजणं, शब्द, रचना डोक्यात फिरवणं हे दणकट आहे. ऐकलेलं थोडा वेळ धरून ठेवणं आणि हाताने भराभर चिन्हं उतरवणं यात तो अडतो. नेमकं हेच दोन्ही लागतात श्रुतलेखनाला, फळ्यावरून उतरवायला, अडीच तासांच्या पेपराला. म्हणजे पेपर परिसर अभ्यासाचा असला तरी परीक्षा हाताची होते.

मराठीची लिपीही सोपी नाही, आपल्याला सवय झालीय म्हणून वाटते. 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढायची, उच्चार मात्र क चा आधी. 'सूर्य' मधला र बोलताना य च्या आधी, लिहिताना य च्या डोक्यावर. घ-ध, भ-म, ब-व, प-ष दिसायला चुलतभाऊ. इंग्रजीत अडणाऱ्या मुलांवर ढीगभर साहित्य आहे, मराठीतल्यांवर फार कमी. त्यातल्या त्यात मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने काही भारतीय भाषांत वाचन-अक्षमता तपासण्याचा संच केला, त्यात मराठी आहे.

आकड्यांचं म्हणाल तर त्यात अर्धा दोष आपल्या आकड्यांचा. त्रेसष्ट : आधी तीन ऐकू येतात, मग साठ. मुलगा ऐकू आलं त्या क्रमाने लिहितो.

मोरपीस

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ तीन' असं वाचायचा पर्याय दिला तेव्हा केवढा गहजब झाला होता! विनोद, व्यंगचित्रं, विधानसभेत चर्चा. गणित समितीच्या मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जुने शब्द काढलेले नाहीत, लहान मुलांना जोडाक्षरांचे आणि उलट क्रमाचे आकडे जड जातात म्हणून जोडीला सोपी वाट दिलीय. मी तेव्हा हसणाऱ्यांत होते. धाग्यावरचा ३६ बघून आज वाटतंय, कुणासाठी होतं ते कळलंच नव्हतं.

खडूफळा

एकोणपन्नास तर कहर आहे. पन्नास ऐकू येतं, त्यातून एक कमी करायचा, नऊ कुठेच बोललेला नाही. पोराने ५९ लिहिलं म्हणजे त्याला नऊ कळला होता, एवढं तरी बघा.

वाइंडिंगवाला

मी दहावी तिसऱ्या प्रयत्नात. मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, चार माणसं कामाला. जळालेली मोटार उघडली की कॉइल कशी बसली असेल ते मला चित्रासारखं दिसतं. हा मजकूर बोलून लिहितोय, मोबाईल टाईप करतो. बायको वाचून बघते.

सांगायचं एवढंच की दुकान चांगलं चालतं म्हणून शाळा विसरली जात नाही. वर्गात उभं करून मोठ्याने वाचायला लावायचे, पोरं आधीच हसायला लागायची. आज ४६ वय आहे, बँकेत फॉर्म भरताना हाताला घाम येतो. 'शिकला नाही तरी बघ कसा पुढे गेला' असं माझं उदाहरण देतात लोक. नका देऊ. मला वाचायला यायला हवं होतं.

तळ्यातमळ्यात

दादा, नमस्कार. मी वर बराच फुशारून लिहिलं. तुमच्या प्रतिसादापुढे काय बोलू.

अर्धविराम

शिसपेन्सिल, पुढचं व्यावहारिक. अध्ययन अक्षमतेची (म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित यांत खास अडचण असण्याची) तपासणी वेगळी असते, आयक्यू हा तिचा एक तुकडा. प्रमाणपत्रासाठी ती साधारण तिसरीपासून किंवा आठ वर्षं पूर्ण झाल्यावर करतात, म्हणजे तुमची वेळ योग्य आहे. महाराष्ट्राने अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती १९९० च्या दशकातच सुरू केल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकार मानले, त्यांत ही अक्षमता आली. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाचे गुण न कापणं, अशा गोष्टी मिळतात. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयांत हे काम वर्षानुवर्षं चालतं, तुमच्या जिल्ह्यात कुठे ते सिव्हिलमध्ये विचारा. रांग असते, चिकाटी ठेवा.

पण सवलत म्हणजे उपचार नव्हे. रोज वीस मिनिटं वाचनाचा बांधीव सराव लागतो : आवाज, अक्षर, जोडाक्षर, ठरलेल्या क्रमाने, पुनःपुन्हा. सोबत बाईंना विनंती करा की पुढच्या घटक चाचणीत निदान दोन प्रश्न तोंडी घ्या.

दुसरी_बाजू

पहिल्यापासून वाचतेय. लिहू की नको करत होते.

इथे सगळ्यांनी धागाकर्तीला धीर दिला, छान वाटलं. पण धीर कसा दिला बघा. 'तो खरं तर हुशार आहे.' कांद्याच्या पट्टीवाला पोरगा खरं तर हुशार होता. वाइंडिंगवाले दादा खरं तर हुशार. ते नोबेलवाले पण.

माझ्या मुलीचा आकडा ७८ आहे. एका पोटचाचणीचा नव्हे, सगळ्याचा. दोनदा केला, दोन ठिकाणी. भाषिक, कृती, सगळं तेवढंच. कान, डोळे, महिना, सगळं बघून झालं. ती आतून गुपचूप हुशार नाहीये. तिला कळायला वेळ लागतो आणि कळलेलं पुन्हा शिकवावं लागतं. सातवीत आहे. ७० च्या खाली असती तर एक प्रमाणपत्र मिळालं असतं, ८५ च्या वर असती तर दुसरं. मधल्यांना काही नाही. जादा वेळ नाही, लेखनिक नाही. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, 'नशीब समजा, मतिमंद नाही.'

शिसपेन्सिल, तुमच्या पोटात ७८ बघून गोळा आला. मी समजू शकते. आमच्या घरी तो आकडा रोज शाळेत जातो, डबा खातो आणि परत येतो.

अर्धविराम

तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. माझ्याच प्रतिसादात ही चूक आहे, 'दणकट आहे' म्हणून मी सुरुवात केली.

७० ते ८५ मधल्या मुलांबद्दल तुमचं म्हणणं शब्दशः खरं आहे. आयक्यूची मांडणी बघितली तर शंभरातली तेरा-चौदा मुलं या पट्ट्यात येतात. म्हणजे चाळीसच्या वर्गात पाच-सहा. 'मंदगती' म्हणून त्यांची नोंद होते आणि नोंदीपाशीच काम थांबतं. अक्षमतेचं निदान करायला आयक्यू ८५ च्या वर लागतो, म्हणून आमच्या टेबलावरून आम्ही त्यांना परत पाठवतो. मी स्वतः पाठवलंय. त्या मुलांना लागतं तेही काही वेगळं नसतं : वेळ, छोटे टप्पे, पुनःपुन्हा. तेच इतरांना प्रमाणपत्रावर मिळतं.

खडूफळा

ताई, वर्गातली पाच-सहा पोरं आता नावानिशी डोळ्यासमोर आली. खरं सांगतो, त्यांच्याबद्दल सांगायला माझ्याकडे गोष्ट नाही. पट्टीवाल्याची आहे, कारण ती शेवटी मला चाट पाडते. या पोरांनी मला कधी चाट पाडलं नाही. ती रोज यायची. हजेरी शंभर टक्के, फळा पुसायला पुढे, चौथीतून पाचवीत ढकलली की मी सुटायचो.

एकाला मात्र गुणाकाराऐवजी दोन वर्षं नुसतं सुट्टे पैसे मोजायला शिकवलं होतं. तपासणीला आलेल्या साहेबांनी मला त्याबद्दल झापलं होतं, अभ्यासक्रम सोडला म्हणून. आज तो वडापावच्या गाडीवर गल्ला सांभाळतो. ही पण पुन्हा 'बघा कसा पुढे गेला' छापाची झाली. राहू दे.

चहाबाज

आज विनोद नाही. दोघी-तिघांचे प्रतिसाद बायकोला वाचून दाखवले.

शिसपेन्सिल

@दुसरी_बाजू, तुमचा प्रतिसाद वाचून दोन दिवस इथे आले नाही. 'पोटात गोळा' असं लिहिताना पलीकडे कुणी असेल हे मनात आलं नाही. माफ करा.

इकडची खबर : कान ठीक आहेत. सिव्हिलची तारीख अडीच महिन्यांनंतरची. बाईंनी तोंडी परीक्षेचं मान्य केलं, मुख्याध्यापकांना न विचारता, 'तुम्ही कुठे बोलू नका' या अटीवर. नवऱ्याने काल स्वतः डाव्या हाताने पानभर लिहून बघितलं. अर्ध्यात पेन ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. तिथून आत आल्यापासून 'आळशी' हा शब्द ऐकू आलेला नाही, बघू किती दिवस.

एक विचारू का? आमच्याला घड्याळ अजिबात कळत नाही. तुम्ही कसं शिकवलंत, शिकवलं असेल तर?

दुसरी_बाजू

माफी नको. तुम्ही विचारलंत हेच पहिल्यांदा घडतंय, एरवी सगळे मला सांगतात.

मी जुनं भिंतीवरचं घड्याळ घेतलं आणि मिनिटकाटा काढून टाकला. फक्त तासकाटा. तीन महिने घरात तेच एक घड्याळ, आम्हीही त्यावरच. काटा चारावर आहे, चाराच्या थोडा पुढे आहे, चार आणि पाचाच्या बरोबर मध्ये आहे. 'मध्ये' आलं की साडे. हे पक्कं झाल्यावर मग मिनिटकाटा परत लावला, आणि पहिल्यांदा फक्त बारा आणि सहा एवढंच वाचायचं. नंतर तीन. सगळे मिळून अकरा महिने लागले. मध्ये दिवाळीत आठ दिवस गावी गेलो तर अर्धं पुसलं गेलं, पुन्हा केलं.

आता साडे येतं, सव्वा येतं. शाळेची रिक्षा सव्वासातला येते, ती सातला बूट घालून दारात बसते. पावणे अजून येत नाही. आधी पुढचा तास बोलायचा आणि मग त्यातून कमी करायचं, ते तुमच्या एकोणपन्नाससारखंच आहे बहुधा. तोवर आम्ही घरात पावणेला कुठेच जात नाही.